दुसरा हात

सोसायटीचा सेक्रेटरी निवडायची एक सोपी पद्धत आहे. सभेला जो उशिरा येईल, त्याला करायचा. 2010 सालच्या वार्षिक सभेला मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. जिना चढत असतानाच वरून टाळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, कुणाचा तरी सत्कार चाललाय. तो माझाच होता. तेव्हापासून मी सगळ्या सभांना वेळेवर जातो. पण आता त्याचा काही उपयोग नाही.

आमची इमारत डोंबिवलीला. 1976 साली बांधलेली. तळमजला धरून चार मजले, सोळा बिऱ्हाडं आणि गच्चीवर चार खांबांवर उभी असलेली सिमेंटची पाण्याची टाकी. इमारतीला एक छानसं संस्कृत नाव आहे, पण ते पोस्टमनच्या पलीकडे कुणाला माहीत नाही. सारं जग आम्हाला ओळखतं ते 'हिरवी टाकी' म्हणून. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना हिरवी टाकी, लग्नपत्रिकेवर कंसात हिरव्या टाकीजवळ, आणि मुलगी बघायला येणारी मंडळी रस्ता चुकली तरी हिरव्या टाकीकडे मान वर करकरून बघत बरोबर येऊन पोचायची.

तर सेक्रेटरी झाल्यावर माझ्या गळ्यात पहिलं काम पडलं ते इमारत रंगवण्याचं. मी मनात म्हटलं, हे तर आपल्या हातचं काम. कारण रंगाचं आणि माझं नातं जुनं आहे.

लहानपणी आमच्या वाईच्या घरात दसरा झाला की वडील कळीचा चुना आणायचे. पिंपात चुनकळी टाकून वर पाणी ओतलं की तो मानपानात काही राहून गेलेल्या व्याह्यासारखा खदखदायला लागायचा. पिंपाला हात लावला तर चटका बसे. रात्रभर तो निवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, मग त्यात चिमूटभर नीळ आणि भिंतीला धरून राहावा म्हणून डिंकाचं पाणी. एवढा थाट झाला की भावंडांच्या हातात एकेक कुंचला यायचा. चुन्याची गंमत अशी, की ओला असताना तो भिंतीवर दिसतच नाही. आपण काय लावलं आणि काय राहिलं, हे देवालाच ठाऊक. वाळायला लागला की पांढरा होत जातो आणि पुढे हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड बनतो. म्हणजे चुना लावणं हे मुळात सच्चेपणाचं काम आहे. 'चुना लावणे' या वाक्प्रचाराला आज जो अर्थ आलाय, तो चुन्यावर अन्याय आहे.

एका वर्षी मी कपाटामागची भिंत तशीच सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सगळं घर लख्ख पांढरं झालं आणि कपाटाच्या कडेने एक मळकट पट्टा डोकवायला लागला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी एकट्याने कपाट सरकवलं, कुंचला माझ्या हातात दिला आणि पेपर वाचायला बसले. तुम्ही म्हणाल, हा प्रसंग मला जन्मभर पुरला असेल. तसा पुरायला हवा होता.

आपल्याकडे रंगाच्या थराला 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. इंग्रज त्याला कोट म्हणतो. साहेबाला जिकडेतिकडे कोटच दिसायचा. पण आपला शब्द मला जास्त खरा वाटतो. डब्यातून आपोआप थर येत नाही. त्यामागे कुणाचा तरी हात असावा लागतो. आणि तो आखडताही असू शकतो.

2011 साली रंगासाठी आमच्या तीन सभा झाल्या. तिन्ही फक्त रंग कुठला यावर. कंत्राटदाराने शेडकार्ड दिलं होतं. त्यात बाराशे रंग होते आणि आमच्या सोसायटीत सोळा सभासद. प्रत्येकाला पंचाहत्तर रंग वाट्याला येत होते. शेडकार्डावरची नावं इंग्रजी आणि काव्यमय, त्यामुळे पुरुषमंडळी गप्प होती. पण बायकांनी कार्ड हातात घेतलं आणि पाच मिनिटांत त्याचं मराठी भाषांतर करून टाकलं. हा अबोली, हा मोतिया, हा अंजिरी, हा चिंतामणी, आणि हा तर माझ्या वन्संच्या डोहाळजेवणातला शालू. एका काकूंना तो रंग फार पसंत होता, पण वन्संशी अबोला असल्यामुळे तो रद्द झाला. मग नमुन्यादाखल भिंतीवर अकरा चौकोन रंगवून बघितले. इमारत महिनाभर गोधडीसारखी दिसत होती आणि काही जणांना तीच जास्त आवडायला लागली होती. अखेर श्रीखंडी रंगावर एकमत झालं. तो कुणालाच नको होता, हीच त्याची जमेची बाजू. टाकी मात्र हिरवीच ठेवायची, हे बिनविरोध ठरलं.

भिंतीच्या भेगा कशाने भरणार, खाली प्रायमर कुठला, टाकीला मागून काय लावणार, याबद्दल तिन्ही सभांत मिळून कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. लहानपणी आमच्या किराणा दुकानाच्या पाटीवर गट्टू असायचा. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी काढलेला तो खट्याळ पोरगा, एका हातात रंगाचा डबा आणि दुसऱ्या हातात ब्रश. त्याच्या कपाळावरच्या झुलपाचं आम्हाला केवढं कौतुक! पण दुसरा हात दिलास का रे, असं त्याला कुणी कधी विचारलं नाही. तसंच आमचं.

काम झालं. कंत्राटदार मोठा गोड माणूस. अकरा बादल्या रंगाचं बिल समोर ठेवून म्हणाला, "साहेब, एकदा वर जाऊन टाकी बघून घ्या. म्हणजे तुमचं समाधान." आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला उंचीची भीती वाटते. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तरी स्टूल धरायला घरातली दोन माणसं लागतात. गच्चीवरून टाकीवर जायला सोळा पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी आहे. मी खालूनच, रस्त्याच्या बाजूने मान वर करून बघितलं. टाकी हिरवीगार दिसत होती. बिलाखाली लिहिलं : 'काम समक्ष पाहिले. समाधानकारक.' सही केली. तारीख घातली. वळणदार अक्षर आलं होतं.

मग रिकाम्या बादल्यांचं भांडण झालं. वीस लिटरची झाकणाची प्लास्टिकची बादली हे मध्यमवर्गीय घरातलं एक स्वप्न असतं. तांदूळ ठेवा, कुंडी करा, पाणी जायच्या दिवशी भरून ठेवा. कंत्राटदाराने सगळ्या बादल्या सोसायटीला देऊन टाकल्या. त्या भरल्या आठ, आणि घरं सोळा! चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांना मिळाली नाही, त्यांनी गणपतीची वर्गणी निम्मी दिली. या तंट्यात मी आठवडाभर बुडालो होतो. आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते. बिलात अकरा, दारात आठ. पण मी भांडण सोडवत होतो, वजाबाकी करत नव्हतो.

तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या बाजूला, आमच्या आक्का राहतात. सरकारी इस्पितळात नर्स होत्या. एकट्याच असतात. त्यांचं पहिलं पत्र आलं 2013च्या ऑगस्टमध्ये. बिछान्याजवळच्या भिंतीला तळहाताएवढी ओल आलीय. मी उत्तर दिलं : 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' पुढच्या पावसाळ्यात दुसरं पत्र. पुन्हा नोंद. आमची नोंदवही अतिशय व्यवस्थित आहे.

आक्कांनी मग स्वतःचा उपाय काढला. ओलीवर कॅलेंडर टांगलं. दरवर्षी पावसाळ्यात ओल थोडी पसरायची, भिंतीला लोणा लागायचा, रंगाचे पोपडे पडायचे, आणि जानेवारीत आक्का गेल्या वर्षीपेक्षा मोठं कॅलेंडर आणायच्या. आधी वाण्याकडचं, मग औषधाच्या दुकानातलं, मग बँकेचं. शेवटी एका मालवाहतूक कंपनीचं, दाराएवढं, ज्याच्यावर ट्रकचं चित्र होतं. मी एकदा चहाला गेलो असताना कौतुकाने म्हटलं, "आक्का, तुम्हाला कॅलेंडरांची बरीच हौस दिसते." त्या म्हणाल्या, "हो ना. तुमच्याच कृपेने." मला वाटलं, थट्टा करतायत.

2023च्या जुलैतला एक रविवार. इमारतीच्या पुढच्या अंगणात मोटारी, म्हणून पोरांचं क्रिकेट मागच्या बाजूला. तीन विटा एकावर एक ठेवून त्यांचे स्टंप. पावसाची जोरात सर आली आणि पोरं आयांच्या हाका ऐकून नाइलाजाने घरात गेली. दहा मिनिटांनी धाडकन आवाज झाला. टाकीच्या तळाचा परातीएवढा सिमेंटचा तुकडा निघाला होता, आणि तो बरोबर त्या विटांवर येऊन पडला होता. विटांचा चुरा.

संध्याकाळी पोरं तिथे जमून वाद घालत होती, की हा बोल्ड धरायचा की नाही. फलंदाज जागेवर नव्हता म्हणून नाबाद, असा निकाल लागला. मी गॅलरीतून ऐकत होतो. फलंदाज जागेवर नव्हता. त्या रात्री मी जेवलो नाही. हिने विचारलं, तर म्हटलं, पोट बिघडलंय.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आणला. तरुण मुलगा, पण समजावून सांगायची पद्धत मास्तरांची. म्हणाला, "काका, काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. चांगलं काँक्रीट क्षारयुक्त असतं, त्यात सळई सुखाने झोपलेली असते. पण भेगांतून पाणी आणि हवा आत शिरली, की हवेतला कार्बन डायॉक्साइड तो क्षार हळूहळू मारतो आणि सळई गंजायला लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. मग तो आतून ढकलतो आणि काँक्रीट फुटतं." म्हणजे गंज हा पोटभाडेकरू. आला तेव्हा एक खाट टाकायला जागा मागितली, आणि शेवटी मालकालाच बाहेर काढलं.

"मग याच्यावर उपाय?"

"रंग," तो म्हणाला. "वयाचा दोष आहेच. पण बाहेरचा रंग म्हणजे इमारतीची छत्री असते. भेगा भरून वरून नीट दोन हात दिलेले असते, तर एवढं पाणी आत गेलं नसतं. लोक रंगाला कुंकू समजतात, काका. तो रेनकोट आहे."

पॅरिसच्या आयफेल टॉवरची गोष्ट त्यानेच सांगितली. 1889 साली उभा केला तेव्हा तो वीस वर्षांनी उतरवायचा बेत होता. तो अजून उभा आहे, कारण साधारण दर सात वर्षांनी त्याला रंग देतात. एका खेपेला साठ टन रंग लागतो, आणि तोही ब्रशने, माणसांच्या हातांनी. साऱ्या जगाने फोटो काढलेला तो मनोरा म्हणजे रंगाऱ्यांनी गंजाच्या तोंडातून पुन्हापुन्हा ओढून काढलेलं लोखंड आहे. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर पॅरिस नव्हतं. 'समक्ष पाहिले' ही दोन अक्षरं होती. तशी ती सहा आहेत, पण त्या वेळी मोजायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

पुढच्या सभेत बादल्यांचं कोडं सोडवलं ते पहिल्या मजल्यावरच्या गणिताच्या मास्तरांनी. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी खडूचा हात गेला नाही. जुनं बिल हातात घेऊन म्हणाले, "बाहेरचा चांगला रंग एका लिटरला, दोन्ही हात धरून, साधारण पन्नास-साठ चौरस फूट भागवतो. आपलं क्षेत्रफळ टाकीसकट बारा हजार. म्हणजे दोनशेवीस लिटरच्या आसपास. अकरा बादल्या. बिल बरोबर आहे." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "पण बादल्या किती होत्या हो? आठच ना? मला चिठ्ठी लागली नव्हती, म्हणून लक्षात आहे."

सभेत शांतता पसरली. बारा वर्षांपूर्वीचं भांडण सगळ्यांना आठवलं. तीन बादल्या आमच्या भिंतींवर आल्याच नव्हत्या. कुणीतरी त्या कंत्राटदाराला शिव्या घालायला सुरुवात केली. मी उभा राहिलो. म्हटलं, "तो चुकलाच. पण सही माझी आहे. मी वर गेलो नव्हतो." खाली बसलो. मला वाटलं, आता राजीनामा मागतील. निदान तेवढा तरी फायदा व्हावा! पण कुणी मागितला नाही. आक्का एवढंच म्हणाल्या, "या खेपेला जा."

मग रीतसर काम सुरू झालं. पावसाळा संपल्यावर फुटकं काँक्रीट झोडून काढलं, सळ्या घासून गंजविरोधी लेप दिला, नव्या गिलाव्यावर पाणी मारलं आणि तो वाळायला महिनाभर सोडून दिला. टाकीच्या आतून पिण्याच्या पाण्याला चालणारा वेगळा लेप. रंगाची सभा या वेळी चार मिनिटांत उरकली. बदामी. कारण आमच्या पेंटरमामांनी सांगितलं, की गेरू आणि पिवळी माती यांच्या घराण्यातले रंग उन्हाला दाद देत नाहीत. भडक रंगांतले बरेचसे दोन-चार वर्षांत विटतात.

हे मामा मूळचे कोकणातले, साठीच्या पुढचे. सोळाव्या वर्षापासून हातात ब्रश. पूर्वी लोखंडी गजांना शेंदरी प्रायमर लावायचा, म्हणजे शिशाचाच रंग. तो आपण उघड्या हातांनी कालवायचो, हे त्यांनी असं सांगितलं, जसं कुणी शाळेतली गंमत सांगावी. आता घरगुती रंगात शिशावर कायद्याने मर्यादा आहे, दहा लाख भागांत नव्वद भाग, 2017च्या नोव्हेंबरपासून. "आमचे हात आधीच झाले होते, साहेब," मामा म्हणाले. खजिनदारांनी अंदाजपत्रकातला सेफ्टी बेल्टचा खर्च कमी करता येईल का, असं विचारलं होतं. तो मुद्दा मी सभेपुढे ठेवलाच नाही. सेक्रेटरीपदाचा मी केलेला हा एकमेव गैरवापर.

रंग देण्याआधी मामांनी मला पुढच्या भिंतीशी नेलं आणि पत्र्याने एक कोपरा खरवडला. कांद्यासारखे पापुद्रे निघाले. "हा मूळचा, सिमेंट पेंट. हा मधला पिवळा. आणि हा साहेब, तुमचा. चांगला जाड आहे." मग मागच्या, पश्चिमेच्या भिंतीशी नेलं. तिथेही खरवडलं. "हा पण तुमचाच. आतून पिवळा दिसतोय बघा. एकच हात, तोही पाण्यासारखा."

मी म्हटलं, "रस्त्याच्या बाजूने दोन दिले असतील. मागची बाजू कोण बघतंय?"

"पाऊस बघतो की," मामा म्हणाले. "आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडूनच येतो. त्याला ही पुढची बाजू."

जानेवारीत, टाकीच्या दुसऱ्या हाताच्या दिवशी, मी शिडी चढलो. सोळाच्या सोळा पायऱ्या. खाली कुणी पाय धरायला नव्हतं. वर दोरखंडाला टांगलेल्या फळीवर मामांचा पोरगा बसून गाणं म्हणत होता. मी डोळे मिटून चढलो आणि मग लक्षात आलं, की डोळे मिटून वर जायचं तर 2011 साली खाली उभं राहण्यात काय वाईट होतं? म्हणून डोळे उघडले. समोर पारसिकचे डोंगर धुरकट दिसत होते. पाऊस येतो तो तिकडून. टाकीची मागची बाजू मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. ती रस्त्यावरून दिसत नाही, गच्चीतून दिसत नाही, कुणाच्याच खिडकीतून दिसत नाही. तिथे मामा अर्धवट वाळलेल्या हिरव्यावरून दुसरा हिरवा हात फिरवत होते. वरपासून खालपर्यंत, मग आडवा, मग पुन्हा उभा. हिरव्यावर हिरवा. काय केलं ते दिसूसुद्धा नये, असं काम.

"कसं वाटतंय, साहेब?" त्यांनी विचारलं.

मी शिडीला मिठी मारून म्हटलं, "समाधानकारक."

बिलावर सही करताना मात्र हात इतका कापत होता, की अक्षर वाचता येत नाही. बादल्या मोजल्या. अकरा. चिठ्ठ्या टाकल्या. मास्तरांना पुन्हा मिळाली नाही.

2024चा पावसाळा जोरात झाला. ऑगस्टच्या शेवटी मी आक्कांकडे गेलो. त्यांनी न बोलता ट्रकचं कॅलेंडर उचललं आणि मी भिंतीवर तळवा ठेवला. कोरडी. मी म्हटलं, "आता हे काढून टाका की."

"इतक्यात नको," त्या म्हणाल्या. "भिंतीचं ठीक आहे. तुमचं अजून दोन पावसाळे बघते." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

2025च्या जानेवारीत त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ट्रक गेला होता. त्या जागी खिळा तोच होता, पण त्याला वाण्याकडचं वीतभर कॅलेंडर लावलेलं होतं. मी काही बोललो नाही. घरी आल्यावर नोंदवहीत मात्र त्याची नोंद घेतली.